नारळ वाढवणे

सकाळचा चहा झाला की शकुंतलाबाई आवटी घराचा अर्थ वाचायला बसत. पूर्वी त्या पेपर वाचत. आता स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, जिथे आधी किराणा दुकानाचं कॅलेंडर लटकायचं, तिथे तळहाताएवढा अर्थपट बसवलेला होता. घरात जे काही बोललं जाई त्याचा अर्थ त्यावर लगेच उमटे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओळीखाली ओळ लागून राही.

"हे बघ गं," त्या सुनेला म्हणाल्या. "काल मी तुला एवढं बोलले, आणि हा काय लिहितो बघ."

॥ अर्थ : ज्येष्ठ स्त्रीला आमटीत मीठ कमी वाटले. ॥

"बरोबर आहे की," हर्षदा म्हणाली.

"तुझ्या माहेरावरूनही बोलले होते."

"ते गाळतो तो. देशाच्या सुरक्षेशी त्याचा संबंध नाही."

शकुंतलाबाईंना हे आवडलं नाही. आपण इतकं मनापासून बोललेलं कुणीतरी परस्पर गाळतं, हा त्यांना अपमानच वाटला.

मिरजेतल्या प्रत्येक घरात असते तशी त्यांच्या घरातही, विजेच्या मीटरवर, चिंचोक्याएवढी श्रुतिका होती. श्रुतिका ऐकायची. ऐकलेल्याचा अर्थ काढायची, तो अर्थकेंद्राकडे पाठवायची आणि शब्द त्याच क्षणी पुसून टाकायची. पूर्वसुरक्षा कायद्याच्या पहिल्या मसुद्यात शब्दही साठवायची तरतूद होती. त्याविरुद्ध लोक कोर्टात गेले, सह्या झाल्या, मोर्चे निघाले, आणि शेवटी निकाल लागला की माणसाचे शब्द त्याचे स्वतःचे आहेत, सरकारला फक्त अर्थ घेता येईल. त्या दिवशी हर्षदानेही केंद्रात पेढे वाटले होते. शब्दच उरले नाहीत तर अर्थ चुकला हे कशावरून दाखवायचं, हा प्रश्न पेढे खाताना कुणाला सुचला नाही.

कायदा आला तो बसस्थानकातल्या स्फोटानंतर. त्या स्फोटात अभिजित गेला. हर्षदाचा नवरा, शकुंतलाबाईंचा एकुलता एक. मित्राच्या लग्नाला निघाला होता. दारात चपला घालताना "येतो" म्हणाला, आतून आई "ये" म्हणाली, आणि तेवढ्यावर ते राहिलं.

हर्षदा तेव्हा कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायची. अर्थकेंद्राने बोलावलं तेव्हा तिने विचार करायला वेळही मागितला नाही. यंत्राला मराठी येत होती, पण मराठी माणूस कळत नव्हता. तो घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर वाढली म्हणतो, आणि नारळ फोडतो तेव्हाही तो वाढवतोच. अशुभ तोंडातून निघू नये म्हणून उलट बोलायची ही सगळी रीत हर्षदाने यंत्रासाठी एका कोशात मांडून दिली. शुभार्थ कोश.

कोश लागू झाला त्याच वर्षी एक टोळी सापडली. पुढे त्यांनीच कबूल केलं की फोनवर ते "दुकान कधी वाढवायचं" एवढंच एकमेकांना विचारत होते, आणि त्यांच्यापैकी एकाचंही दुकान नव्हतं. एका शाळेला लागून असलेल्या गोदामात स्फोटकं मिळाली. ती बातमी शकुंतलाबाईंनी कापून अभिजितच्या फोटोमागे खोचून ठेवली होती. तेव्हापासून त्या सुनेला जेवढं बोलायचं तेवढं बोलतच होत्या, पण तिच्या कोशाबद्दल दुसरं कुणी वावगं बोललं तर त्याला चहा न देता वाटेला लावत.

"येते," पर्स खांद्याला लावत हर्षदा म्हणाली.

"ये."

॥ अर्थ : सून बाहेर गेली. परतणार. ॥

*

कोपऱ्यावरच्या रसवंतीत जुबेदा नायकवडी तिची वाट बघत उभी होती. ती घरी आली नव्हती. आली असती तर भेटीची नोंद दोन्ही घरांवर पडली असती. रसवंतीच्या घुंगरांत श्रुतिकेला नीट ऐकू येत नाही असं गावात म्हणत, आणि कायदा आल्यापासून भांडणं, सोयरिकी, वाटण्या असं सगळं तिथेच चालत असे. मालकाने बाकडी वाढवली होती. रस कुणी पूर्ण पीत नसे.

जुबेदाचा नवरा दस्तगीर तंबोरे करायचा. हर्षदाचा तंबोराही त्यानेच केलेला, तिच्या कॉलेजच्या दिवसांत. तीन महिन्यांपूर्वी तारा बदलायला म्हणून तो तिने दुकानात ठेवला होता, आणि तेव्हाच पोलीस आले. दस्तगीरला नेलं, आणि आत काय आहे ते बघायला तंबोऱ्याचा भोपळा कापला. आत काही नव्हतं. तंबोऱ्याच्या आत काही नसतं म्हणूनच तो वाजतो. कापलेला तंबोरा पंचनाम्यासकट हर्षदाला परत मिळाला होता. तिने तो कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

"गुरुवारी सांगलीला फेरतपासणी हाय," जुबेदा म्हणाली. "आता सोडलं तर सोडलं, न्हाईतर सरळ एक वर्ष आत. वकील म्हणतोय, अर्थ चुकलाय असं सांगणारं माणूस पायजे. मंडळ ऐकंल असं. ताई, तुमच्याबिगर कोण हाय?"

हर्षदाने विचारलं, ते नेमकं काय बोलले होते?

जुबेदाला ते पाठ झालं होतं. गावात संगीताचं नवं सभागृह होत होतं. तिथे ठेवायचे तंबोरे दस्तगीरने केले होते. सभागृहाचे चिटणीस आपटे उद्घाटनाच्या धास्तीने रोज फोन करायचे. त्या दिवशी दस्तगीर त्यांना म्हणाला होता, "शुक्रवारी सभागृहात नारळ वाढवू. माणसं पुष्कळ येतील. तुम्ही काळजी करू नका, काही होणार नाही."

"मग आपटेच सांगू शकतील की."

"त्यांस्नी काय आठवत न्हाई म्हणं." जुबेदाच्या आवाजात राग नव्हता. "त्यांचीबी नातवंडं हायत."

हर्षदाच्या तोंडून गेलं, "पण नारळ?"

जुबेदाने तिच्याकडे नीट बघून घेतलं.

"आमच्या दुकानात पहिल्या भोपळ्याला नारळ वाढवत्यात, मग फातिहा पढत्यात. आजेसासऱ्यांचे भागीदार शिवलिंगाप्पा सुतार हुते, तवापास्नं हाय ते. तुमच्या तंबोऱ्यालाबी वाढवला हुता. तुमी खोबरं खाल्लं हुतं, ताई."

*

अर्थकेंद्रात हर्षदाला अर्थसाक्षीचा दर्जा होता. एखाद्या नोंदीचा अर्थ बरोबर लागला की नाही हे सांगायचा, आणि म्हणून ती नोंद बघायचा, तिला अधिकार होता. उपसंचालक पोतनीसने दस्तगीरची नोंद काढून दाखवली.

॥ अर्थ : शुक्रवारी सभागृहात फोडले जाईल. वस्तू : सांकेतिक. माणसे : पुष्कळ. साथीदाराची भीती घालवली. ॥

"आणि शब्द?"

"शब्द कुठले आता, मॅडम? पेढे तुम्ही वाटलेत. मी दोन खाल्ले."

पोतनीस वाईट माणूस नव्हता. डबा उघडून त्याने अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवली आणि समजावून सांगायला लागला. गेल्या महिन्यात दोन ठिकाणचे स्फोट टळले होते. पेपरात त्याची बातमी आली नाही, कारण काही घडलंच नव्हतं, आणि न घडलेल्याचे आभार कुणी मानत नाही. पकडलेल्यांत काही माणसं उगाच अडकलेली असणार, हे त्यालाही दिसत होतं.

"फक्त कुठली, ते मला सांगा," तो म्हणाला. "मी आज संध्याकाळी सोडतो त्यांना."

दस्तगीरच्या दुकानात खोबरं खाल्लं होतं, एवढंच हर्षदाकडे होतं.

*

घर पहिलं. संध्याकाळ. हर्षदाने पालक निवडत असलेल्या सासूसमोर उभं राहून, पाठ केल्यासारखं, ते वाक्य म्हटलं. शुक्रवारी सभागृहात नारळ वाढवू. माणसं पुष्कळ येतील. तुम्ही काळजी करू नका, काही होणार नाही.

"कसला नारळ? आणि मी कशाला काळजी करू?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

॥ अर्थ : शुक्रवारी शुभकार्य. पाहुणे पुष्कळ. तयारी ठीक. ॥

घर दुसरं. मंगळवार, दुपार. तंतुवाद्यांच्या गल्लीतलं नायकवडींचं घर. खाली दुकान बंद, वर जिन्याच्या तोंडाशी मीटर, मीटरवर तोच चिंचोका, शेजारी तसाच अर्थपट. घरात टीव्ही मोठ्याने चालू होता आणि कुणी तो बघत नव्हतं. जुबेदाने कप वर करून चहा घेणार का असं विचारलं. हर्षदाने बोटांनी अर्धा दाखवला. गेले तीन महिने हे घर असंच बोलत होतं. मोठी सून आत पोळ्या लाटत होती. तिने तवा उतरवून ठेवताना जमिनीवर दोनदा टकटक केलं, आणि धाकटा मुलगा उठून हात धुवायला गेला.

हर्षदाने टीव्ही बंद केला. "तेच वाक्य म्हणा," ती म्हणाली. "ते बोलले होते तसंच."

जुबेदाने मीटरकडे बघितलं. "बोलू?"

"बोला. मी आहे ना."

जुबेदा बोलली. शाळेत उभं करून कविता म्हणायला लावलेल्या मुलीसारखं, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून.

॥ अर्थ : शुक्रवारी सभागृहात फोडले जाईल. वस्तू : सांकेतिक. माणसे : पुष्कळ. ऐकणाऱ्याची भीती घालवली. ॥

आणि त्याखाली, बारीक अक्षरात :

॥ या घरात नारळ वाढवला जाण्याची शक्यता : नगण्य. आधार : शुभार्थ कोश. ॥

हर्षदाला तिथल्या तिथे ते आठवलं. आठवावं लागलंच नाही, खरं तर. कोशकाराच्या हाताला एक सवय असते. शब्दापुढे त्याचा टिळा लावायचा. ग्राम्य. जुना. लहान मुलांशी बोलताना. बायकांच्या तोंडी. "नारळ वाढवणे" याच्यापुढे तिने लिहिलं होतं, "हिंदू घरांत". दोन शब्द. ते लिहिताना तिच्या मनात कुणाबद्दलच काही नव्हतं. मनात काही नसतानाच असली वाक्यं नीट, सुवाच्य लिहिली जातात.

यंत्राने पुढचा हिशेब सरळ केला होता. हिंदू घरात नारळ म्हणजे नारळ. हे घर हिंदू नाही. म्हणजे इथे नारळ म्हणजे नारळ नाही. मग जे फोडायचं आहे ते काय?

"चूक सापडली?" जुबेदाने विचारलं.

"सापडली."

"कुणाची?"

"माझी."

जुबेदाने तिच्यापुढचा अर्धा चहा उचलून पुन्हा भरून आणला. "मग बरं झालं," ती म्हणाली. "तुमची असली तर तुमास्नी दुरुस्त तरी करता यील."

*

बुधवारी जेवताना हर्षदाने सासूला सगळं सांगितलं. साक्ष द्यायला जाणार, हेही सांगितलं. शकुंतलाबाईंनी ताटातला भात बोटांनी एका बाजूला केला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. उद्या हिने म्हटलं की कोश चुकला, तर परवा सगळेच म्हणतील चुकला. ज्यांनी अभिजितला मारलं त्यांचा वकीलही म्हणेल. दोन शब्द चुकले म्हणून सगळं दार मोकळं टाकायचं का?

"आणि दस्तगीर?"

"त्या माणसाचं मला काही वाईट नाही गं. पण एक सांग. सुटला, आणि त्याच्या मनात खरंच काही असलं, तर तू शब्द देशील? ज्या आईचा पोरगा जाईल तिच्यासमोर जाऊन उभी राहशील?"

अभिजितच्या फोटोपुढचा दिवा शांत करायला शकुंतलाबाई उठल्या. जाता जाता अर्थपटासमोर थांबल्या.

॥ अर्थ : ज्येष्ठ स्त्री कायद्याच्या बाजूने आहे. सून गप्प आहे. ॥

यंत्राने गप्प बसण्याची नोंद घेतलेली त्या घरात कुणी पूर्वी पाहिली नव्हती.

गुरुवारी सकाळी हर्षदा दारात थांबली. "येते," ती म्हणाली. आतून उत्तर यायला उशीर लागला, इतका की तिने एक चप्पल पुन्हा काढली.

"ये," शकुंतलाबाई म्हणाल्या.

*

फेरतपासणी मंडळात तिघे होते. मध्ये निवृत्त न्यायमूर्ती हळबेबाई, पोक्त, स्वेटर घातलेल्या, ऐकताना डोळे मिटणाऱ्या. दस्तगीर भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होता. तो वाळला होता. समोर कोण बसलंय हे त्याला दिसत असावं, कारण हर्षदा उभी राहिली तेव्हा त्याने छातीपाशी हात नेला.

ती खूप वेळ बोलली. नारळाबद्दल, भोपळ्याबद्दल, शिवलिंगाप्पांबद्दल. आपण लिहिलेल्या दोन शब्दांबद्दल. शब्द कुणाच्या तोंडी ऐकला एवढंच कोश सांगतो, कुणाच्या तोंडी असू शकत नाही हे सांगायचा त्याला अधिकार नाही, असंही म्हणाली. आयुष्यात इतकं नीट आपण कधी बोललो नव्हतो असं तिला वाटलं.

कायद्याप्रमाणे सुनावणीतलेही शब्द ठेवले जात नाहीत. त्या दिवशीचं दप्तरात जे उरलं आहे ते असं :

॥ अर्थ : साक्षीदार स्वतःची चूक मान्य करते. ॥

॥ अर्थ : साक्षीदाराने आरोपीच्या दुकानात पूर्वी खोबरे खाल्ले आहे. संबंध जुना. ॥

॥ अर्थ : मंडळ विचारते, आरोपी हेच शब्द बोलला याला पुरावा काय. ॥

॥ अर्थ : साक्षीदाराकडे पुरावा नाही. ॥

॥ अर्थ : केंद्र निदर्शनास आणते की हेच वाक्य आरोपीच्या घरात मंगळवारी पुन्हा उच्चारले गेले. ॥

॥ अर्थ : साक्षीदार म्हणते, ते मी बोलायला लावले. ॥

॥ अर्थ : साक्षीदार त्या घरात होती. ॥

॥ अर्थ : आरोपीची पत्नी रडते. सुरक्षेशी संबंध नाही. गाळावे. ॥

निकाल त्याच दुपारी लागला, आणि तो हर्षदाच्या बाजूने लागला.

हळबेबाईंनी डोळे उघडून सांगितलं की साक्षीदाराने दाखवलेला दोष गंभीर आहे. एकाच वाक्याचे दोन घरांत दोन अर्थ, तेही धर्म बघून, हे या देशाच्या घटनेत बसणार नाही. "हिंदू घरांत" हे शब्द कोशातून आजच काढले जावेत. यापुढे यंत्राने प्रत्येक घराला एकच माप लावावं. हर्षदाने जुबेदाचा हात धरला.

मग त्यांनी पुढचं वाचलं. दस्तगीर नायकवडी यांचे मूळ शब्द उपलब्ध नसल्याने त्यांचा अर्थ चुकला असं म्हणता येत नाही, आणि चुकला नाही असंही म्हणता येत नाही. मात्र तोच उल्लेख त्या घरात दोनदा झाला आहे. स्थानबद्धता एक वर्षाने वाढवण्यात येत आहे.

हळबेबाई "वाढवण्यात" हा शब्द म्हणाल्या तेव्हा पडद्यावरचा दस्तगीर हसला. तो का हसला ते त्या खोलीत फक्त हर्षदाला कळलं.

बाहेर व्हरांड्यात पोतनीसने तिला गाठलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच कौतुक होतं.

"कुठलं माप?" हर्षदाने विचारलं.

"म्हणजे?"

"सगळ्यांना एकच माप लावणार. आमच्या घराचं की त्यांच्या?"

पोतनीसने चष्मा पुसला. सगळ्यांनाच मोकळं सोडलं तर केंद्र बंदच करावं लागेल, तो म्हणाला. तेव्हा दुसरी बाजूच धरावी लागणार. नारळ आता कुठल्याच घरात नुसता नारळ नाही. शुभ बोलणं सगळीकडे उलटं धरायचं, आज रात्रीपासून.

"समता, मॅडम," तो म्हणाला. "तुम्हीच मागितलीत."

जुबेदा फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होती. हर्षदा जवळ गेली.

"त्या दिवशी मी नसते बोलले," जुबेदा म्हणाली, "तर ते एकदाच बोलल्यालं ऱ्हायलं असतं." तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. हिशेब जुळवून बघावा तसं म्हटलं. रिक्षा आली. चढताना ती येते म्हणाली नाही, जाते म्हणाली नाही. नुसता हात वर केला.

*

पुढच्या काही दिवसांत मिरज बोलायची थांबली.

आधी लोक हसले. कापडवाल्या शहांच्या घरी अर्थपटावर आलं की कुटुंबप्रमुख आज रात्री दुकान मोडणार आहे, आणि त्यांनी ते सगळ्या बाजारपेठेला दाखवलं. मग शहांना केंद्रातून फोन आला. नंतर ते आपले शटर ओढून, कुलूप लावून, एक शब्द न बोलता घरी जाऊ लागले. बाकीचेही तसंच करू लागले. एका लग्नात वधूपित्याने "सगळं व्यवस्थित होईल" असं व्याह्यांना सांगितलं आणि मांडवाच्या दाराशी दोन साध्या वेशातले पोलीस येऊन उभे राहिले. जेवून गेले ते, पण उभे राहिले. नव्या सभागृहाचं लांबलेलं उद्घाटन आपट्यांनी फीत कापून केलं. नारळ आणलाच नव्हता. दस्तगीरचे तंबोरे पुरावा म्हणून जप्त होते, त्यामुळे गायकाने सूर पेटीवर धरला.

रसवंतीत उभं राहायलाही जागा नसे. मग एके दिवशी त्या घुंगरांतही श्रुतिकेला ऐकू येऊ लागल्याची बातमी पसरली. खरी की खोटी कळलं नाही, पण बाकडी रिकामी झाली.

हर्षदाने केंद्राला पत्र लिहिलं की कोश मागे घ्या. उत्तर आलं की कोश आता केंद्राचा आहे, आणि त्यात बदल सुचवायचे असल्यास तिने समक्ष यावं. पत्राखाली पोतनीसची सही होती, आणि सहीवर बारीक अक्षरात, हाताने : "मॅडम, जपून."

ती निघाली तेव्हा शकुंतलाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. चहा झाला होता. फोटोमागची बातमी त्यांनी परवा काढून पुन्हा वाचली होती आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली होती. हर्षदाच्या साक्षीबद्दल त्या एका शब्दानेही काही म्हणाल्या नव्हत्या. आमटीबद्दलही म्हणत नव्हत्या.

"येते," हर्षदा म्हणाली. सवयीने गेलं तोंडातून.

शकुंतलाबाईंचा "ये" ओठांवर आला होता. पण त्याआधी अर्थपट उजळला, आणि त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

॥ अर्थ : सून जात आहे. परतण्याचा उल्लेख उलट अर्थाने. ॥

त्यांनी एकेका शब्दाखालून बोट फिरवलं. "हे काय?"

"काही नाही, आई. आता सगळ्यांच्याच घरी तसं येतं."

॥ अर्थ : काहीतरी आहे. ॥

शकुंतलाबाई उठल्या. अर्थपटाकडून त्या फोटोकडे वळल्या. अभिजितच्या चेहऱ्यावर चपला घालून झाल्यावर वर बघणाऱ्या माणसाची घाई होती. फोटो दुसऱ्याच कुठल्या दिवशीचा होता, पण त्यांना तो नेहमी त्याच दिवशीचा वाटे. इतकी वर्षं एकच गोष्ट धरून त्या जगल्या होत्या. त्याला यायचं होतं. तो तसं सांगून गेला होता. त्याला येऊ दिलं नाही.

"हर्षदा," त्या म्हणाल्या. "तोही 'येतो' म्हणाला होता."

हर्षदाने पुढे होऊन अर्थपटावर तळवा दाबून धरला. तळव्याखाली काच ऊबदार होत गेली. काहीतरी उमटत होतं. तिने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने सासूला धरावं असं तिला वाटत होतं, पण त्या हातातलं पत्र खाली ठेवायला जवळ जागा नव्हती.

शकुंतलाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, परीक्षेत नापास होऊ घातलेल्या मुलासारख्या.

"तूच लिहिलायस ना तो कोश," त्या म्हणाल्या. "मग सांग की. काय अर्थ होता त्याचा?"